सिरोस बेटावरचं निओक्लासिकल घर: विसार देण्याआधी काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातलं एक जोडपं, दोघंही आयटीत, निवृत्ती जवळ आलेली. ग्रीसच्या सिरोस बेटावर, एर्मुपोली शहरात, एक तीन मजली निओक्लासिकल (प्राचीन ग्रीक-रोमन वास्तूंच्या धर्तीचं) घर विकायला असल्याची जाहिरात त्यांनी पाहिली. बांधकाम 1860 च्या दशकातलं, छतांवर चित्रकाम, संगमरवरी गॅलरी, खिडकीतून समुद्र, किंमत साडेतीन लाख युरो, 'किरकोळ नूतनीकरण आवश्यक' आणि खाली ठळक अक्षरांत 'गोल्डन व्हिसासाठी पात्र', म्हणजे ठरावीक रकमेची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी माणसाला मिळणाऱ्या ग्रीसमधल्या वास्तव्याच्या परवान्यासाठी. घ्यावं का? घ्यायचं तर आधी काय तपासायचं?

मी संवर्धन आर्किटेक्ट आहे. सिरोस ज्यांपैकी एक आहे त्या सिक्लाडीस बेटांवरची जुनी घरं दुरुस्त करण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे अशी घरं घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण जाहिरातीत जे जे लिहिलंय, त्यातल्या एकाही गोष्टीवर या घराची खरी किंमत ठरत नाही. ती ठरते छपरावर, खालून चढणाऱ्या ओलीवर आणि खरेदीखतावर किती जणांच्या सह्या लागणार यावर. 'किरकोळ नूतनीकरण' हे शब्द मी आजवर ज्या ज्या घराबद्दल वाचले, तिथे रंगारी बोलावण्याआधी सुतार बोलवावा लागला.

आधी गावाबद्दल, कारण त्याशिवाय घर कळत नाही. ग्रीक बेट म्हटलं की पांढरी चौकोनी घरं आणि निळे घुमट डोळ्यांपुढे येतात. एर्मुपोली तसं नाही. 1821 मध्ये ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि पुढच्या काही वर्षांत खिओस, प्सारा, कासोस, स्मिर्ना इथून जीव वाचवून आलेले लोक सिरोसच्या बंदरावर उतरले. बेटावरचे जुने रहिवासी कॅथलिक, त्यांना फ्रान्सचं संरक्षण, म्हणून बेट युद्धापासून बरंचसं दूर राहिलं. आलेले निर्वासित बहुतेक व्यापारी आणि खलाशी. त्यांनी व्यापाराचा देव एर्मिस याच्या नावानं शहर वसवलं आणि एका पिढीत ते ग्रीसचं मोठं बंदर झालं. नव्या ग्रीसच्या पहिल्या, बव्हेरियन राजाबरोबर आलेल्या जर्मन स्थापत्यकारांनी आखणी केली, 1864 मध्ये अपोलो थिएटर उभं राहिलं, 1876 मध्ये अर्न्स्ट झिलर यांनी आराखडा केलेल्या टाउन हॉलचा पाया घातला गेला. मग अथेन्सचं पिरेयस बंदर पुढे गेलं, 1893 मध्ये कोरिंथचा कालवा उघडला आणि सिरोसचा व्यापार ओसरला. पैसा गेला म्हणूनच ही घरं पाडून नवी बांधली गेली नाहीत. ती तशीच राहिली, आणि पुष्कळशी रिकामी राहिली.

याचा तुमच्याशी संबंध असा की हे व्यापाऱ्याचं घर आहे. तळमजला म्हणजे वखार किंवा पेढी, राहणं वरच्या मजल्यावर, तिथेच सगळी चित्रं आणि उंच दारं. दर्शनी भागावर संगमरवराची उधळण आणि मागच्या भिंती ओबडधोबड दगडाच्या. पाहायला जाल तेव्हा एजंट तुम्हाला सरळ पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात नेईल. तिथे शेवटी जा. सुरुवात पोटमाळ्यापासून करा.

सिक्लाडीसच्या इतर बेटांवर माळवदासारखी सपाट छपरं असतात. एर्मुपोलीच्या मोठ्या घरांवर चौपाखी कौलारू छप्पर असतं, पण रस्त्यावरून ते दिसत नाही, कारण पुढे उंच कठडा उभारलेला असतो. कौलं आणि कठडा यांच्या सांध्यात लपलेली पन्हळ हीच या घरांची दुखरी जागा. पानं, कबुतरांची घाण, तुटलेलं कौल अडकलं की पाणी भिंतीच्या आत मुरतं. तिथेच तुळईचं टोक दगडात रुतलेलं असतं. ते टोक कुजतं आणि खोलीतून काहीही दिसत नाही, फक्त खालच्या छतावरच्या चित्राला कोपऱ्यात तपकिरी कड येते. एजंट त्याला 'काळाची छटा' म्हणतो. पोटमाळ्यावर टॉर्च घेऊन चढा आणि प्रत्येक तुळईच्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर ती तुळई गेली. एक-दोन गेलेल्या असतील तर नवं लाकूड जोडता येतं. रांगेनं गेल्या असतील तर चित्र असलेलं छत खालून आधार देऊन धरायचं, वरून लाकूड बदलायचं आणि चित्रासाठी वेगळा तज्ज्ञ आणायचा. 'किरकोळ' तिथेच संपतं.

चित्रांचंही दोन प्रकारे पाहावं लागतं. काही छतं फळ्यांवर रंगवलेली असतात, काही लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा करून. फळ्यांवरचं काम बहुधा वाचवता येतं. गिलाव्याचं छत पट्ट्यांपासून सुटलं असेल तर बोटानं हलकं वाजवा, पोकळ आवाज येतो. असं छत एखाद्या हिवाळ्यात एकदम खाली येऊ शकतं.

आतल्या पातळ भिंतीही अशाच लाकडी सांगाड्याच्या आणि गिलाव्याच्या. कागदोपत्री त्या नुसत्या आडभिंती असतात. पण दीडशे वर्षांत वरचा मजला थोडा थोडा खचत त्यांच्यावर टेकलेला असतो. दोन खोल्यांचा एक हॉल करण्यासाठी अशी भिंत काढली की वरची जमीन झुकते. तुमच्या मनात मोठा मोकळा हॉल असेल तर हे घर त्यासाठी नाही.

आता तळमजला. पहिल्या भेटीत भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत नवा, गुळगुळीत गिलावा दिसला तर तो कशाचा आहे ते विचारा. सिमेंटचा असेल तर आत ओल आहे. सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही, ती भिंतीतून वर चढते आणि बरोबर समुद्राचे क्षार नेते. मग सिमेंट जिथे संपतं त्याच्या वर लोणा फुटतो आणि दगडाची भुकटी होऊ लागते. वापोरिया भागात, जिथे घरांच्या मागच्या भिंतींवर लाटांचे तुषार येतात, तिथे हे हमखास. उपाय जुनाच आहे: सगळं सिमेंट काढा, एक-दोन उन्हाळे भिंत उघडी ठेवून वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा. चुन्यात सांतोरिनीची ज्वालामुखी माती किंवा विटांची भुकटी मिसळतात. तुमच्या पुण्यातल्या वाड्यांत जो सुरखी-चुना आहे तो हाच. घराखाली पावसाच्या पाण्याची टाकी असेल, आणि बहुतेक असतेच, तर तिच्या आतल्या बाजूलाही हाच विटांच्या भुकटीचा गिलावा सापडेल. ती टाकी बुजवू नका. बेटावर पाणी समुद्राचं गोडं करून येतं, आणि पावसाचं पाणी साठवायला ती टाकी आजही उपयोगी आहे. भिंतीत रसायन टोचून ओल थांबवण्याचे कोटेशन घेऊन येणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवा. ओबडधोबड दगडाच्या, आत पोकळ्या असलेल्या जाड भिंतीत ते रसायन कुठे जातं ते कोणालाच सांगता येत नाही.

गॅलरी. संगमरवराची लादी भिंतीतून पुढे आलेल्या, संगमरवराच्याच कोरीव आधारांवर टेकलेली असते आणि लोखंडी कठड्याचे गज लादीत शिसं ओतून बसवलेले असतात. खारी हवा, गंजलेला गज फुगतो आणि लादीला तडा जातो. खालच्या फुटपाथवर उभं राहून वर पाहा. लादीच्या खालून गंजाचे डाग उतरलेले दिसले तर त्या गॅलरीत पाऊल ठेवू नका, एजंटनं कितीही आग्रह केला तरी. काम अवघड नाही: गज काढून त्यांची टोकं स्टेनलेस स्टीलची करायची, तडे जोडायचे, नाही जुळलं तर तिनोसचा संगमरवर आणून लादी बदलायची. तिनोस शेजारचंच बेट आहे आणि तिथे दगड घडवणारे हात अजून आहेत. पण मचाण, रस्ता बंद करण्याची परवानगी आणि कारागिराची वाट पाहणं हे सगळं जमेला धरा.

गंजापेक्षा मला काँक्रीटची जास्त भीती वाटते. 1960-70 च्या दशकांत पुष्कळ घरांत लाकडी जमिनीवर काँक्रीट ओतून न्हाणीघर केलं गेलं, किंवा छप्पर काढून वर स्लॅब टाकला गेला, कधी कधी किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाळूचा. आतल्या सळया आता फुटताहेत आणि ते वजन अशा भिंतींवर बसलंय ज्यांचा चुना भुसभुशीत झालाय. सिरोस ग्रीसच्या भूकंप-नकाशात सौम्य पट्ट्यात येतं हे खरं, पण 9 जुलै 1956 ला आमोर्गोसजवळ झालेला मोठा धक्का याच समुद्रातला होता. स्लॅब टाकलेलं घर असेल तर मी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालाशिवाय पुढे बोलत नाही.

हे झालं घर. आता मालकी, आणि इथे मराठी माणसाला काही नवं शिकावं लागत नाही. कोकणातला सामाईक सातबारा ज्यानं पाहिलाय त्याला ग्रीक बेटावरच्या घराची कागदपत्रं ओळखीची वाटतील. आजोबांच्या नावावरचं घर, मुलं अथेन्सला, एक मुलगी मेलबर्नला, एक नातू अमेरिकेत, प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा, आणि त्यातल्या एकानं वारसा स्वीकारल्याचं नोटरीपुढे कधी नोंदवलेलंच नाही. ग्रीसमध्ये घर वारसाच्या नावावर आपोआप चढत नाही, स्वीकाराचं खत करून नोंदवावं लागतं. ते नसेल तर विकणारा विकू शकत नाही. 'सगळे तयार आहेत' हे वाक्य इथेही तितकंच ऐकू येतं आणि त्याची किंमतही तितकीच.

आणखी दोन गोष्टी पाहा. आईवडिलांनी मालकी मुलांना देऊन तहहयात वापराचा हक्क स्वतःकडे ठेवलेला असतो. मुलं विकायला निघतात, पण आईची सही नसेल तर तुम्ही विकत घेतलेल्या घरात आई राहू शकते. दुसरी, 1929 च्या कायद्यापासून ग्रीसमध्ये एका इमारतीचे मजले वेगवेगळ्या मालकांचे असू शकतात. तळमजल्यावरचं दुकान या विक्रीत आहे का? नसेल तर तळमजल्याच्या भिंतीतली ओल दुसऱ्याची आणि ती वर चढली की तुमची. मालकीची साखळी मागे नेताना वकिलाला हुंड्याची खतंही लागतील. एजियनच्या कित्येक बेटांवर घर मुलीला देण्याची रीत होती आणि हुंड्याची कायदेशीर तरतूद 1983 मध्येच रद्द झाली. त्या खतांतलं घराचं वर्णन आणि आजचं मोजमाप जुळत नाही, हा नेहमीचा अनुभव. मागे वाढवलेली खोली, अंगणावर टाकलेलं छत, हे सगळं परवानगीविना झालेलं असू शकतं. विक्रीच्या वेळी इंजिनिअरनं बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला द्यावा लागतो. जुलै 2011 च्या आधीचं अनधिकृत बांधकाम दंड भरून नियमित करता येतं, त्यानंतरचं नाही. हा खर्च विकणाऱ्यानं करायचा. साठेखतात तसं लिहून घ्या.

साठेखतावर विसार साधारण 10 टक्के मागतात. विकणारा मागे फिरला तर विसार दुप्पट परत करतो, तुम्ही मागे फिरलात तर तो बुडतो. म्हणून विसार देण्याआधी वकील आणि इंजिनिअर दोघांचे अहवाल हातात हवेत, आणि वकील एजंटनं सुचवलेला नको.

आता तो ठळक अक्षरांतला व्हिसा. 2024 च्या कायद्यानं गोल्डन व्हिसाच्या रकमा बदलल्या. अथेन्सचा आत्तिका प्रांत, थेस्सालोनिकी, मिकोनोस, सांतोरिनी आणि 3,100 पेक्षा जास्त लोकवस्तीची बेटं इथे किमान 8 लाख युरो, बाकी ठिकाणी 4 लाख. सिरोसची वस्ती 20 हजारांच्या पुढे, म्हणजे ते 8 लाखांच्या गटात. साडेतीन लाखांचं घर पात्र कसं? अशा घराला एकच वाट आहे: संरक्षित वास्तू घेऊन तिचा पूर्ण जीर्णोद्धार करायचा असेल तर किमान रक्कम अडीच लाख आहे. पण घर नुसतं जुनं किंवा 'ऐतिहासिक' असणं त्यासाठी पुरत नाही. संपूर्ण जुनी वस्ती संरक्षित असणं वेगळं आणि हे विशिष्ट घर संरक्षित वास्तू म्हणून राजपत्रात जाहीर झालेलं असणं वेगळं. एर्मुपोलीतलं प्रत्येक जुनं घर पहिल्या गटात बसतं, दुसऱ्यात बसेलच असं नाही. एजंटला राजपत्राचा क्रमांक आणि तारीख विचारा. उत्तर गोल गोल आलं तर समजून जा. शिवाय जीर्णोद्धार व्हिसाच्या पहिल्या नूतनीकरणापर्यंत, म्हणजे पाच वर्षांत, पुरा व्हायला हवा, आणि अशा घरात पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्यानं ठेवता येत नाही. ठेवलं तर 50 हजार युरो दंड आणि व्हिसा रद्द. भाड्याच्या उत्पन्नावर कर्ज फेडायचा बेत असेल तर तो इथेच मोडतो.

संरक्षित घरात काय करता येतं? आत बरंच, बाहेर फार थोडं. दारं-खिडक्या लाकडाच्याच, रंग मंजूर केलेलाच, छपरावर दिसेल असं काही नाही. मंजुरी बांधकाम खात्याच्या स्थापत्य समितीकडून आणि वास्तू सांस्कृतिक स्मारक असेल तर संस्कृती मंत्रालयाकडूनही. माझ्या मते ही बंधनं योग्यच आहेत, त्यांच्यामुळेच शेजारचं घरही तसंच राहतं. वेळ मात्र जातो.

तुम्ही भारतीय नागरिक आहात म्हणून एक दिलासा: सिरोस ग्रीसच्या कायद्यातल्या सीमावर्ती भागांच्या यादीत नाही. खिओस, सामोस, रोड्स, सिमी इथे, इतकंच नव्हे तर सांतोरिनीलाही, युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घर घेण्याआधी वेगळी परवानगी काढावी लागते. सिमीची निओक्लासिकल घरं एर्मुपोलीपेक्षाही देखणी दिसतात, पण तुमच्यासाठी ती वाट लांबची.

पैशांचं झटपट सांगतो. हस्तांतर कर 3 टक्के, त्यावर थोडा पालिकेचा अधिभार, आणि तो सरकारी मूल्य किंवा करारातली किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर. वर नोटरी, वकील, एजंट, नोंदणी. दुरुस्तीच्या कामावर 24 टक्के व्हॅट. रोखीनं एक युरोही द्यायचा नाही, कायद्यानंच बंदी आहे. 'थोडं कागदावर, थोडं हातात' असं कोणी सुचवलं तर उठून या. आधी ग्रीक करक्रमांक काढावा लागतो, त्याला सगळे आफिमी म्हणतात, आणि ग्रीक येत नसेल तर खरेदीखताला दुभाषा लागतो. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर दूतावासामार्फत वकिलाला कुलमुखत्यारपत्र द्या. भारतातून पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) जातील: माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. दोघं मिळून खरेदी बसते, दुरुस्तीचे हप्ते पुढच्या वर्षात टाका. 10 लाख रुपयांच्या वर बँक 20 टक्के टीसीएस (उगमस्थानी गोळा केला जाणारा आयकर) कापेल. ते विवरणपत्रात परत मिळतं, पण तोवर रक्कम अडकते, म्हणून ती वेगळी ठेवा. आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दरवर्षी दाखवायला विसरू नका.

दुरुस्तीला किती? मी घर पाहिलेलं नाही. असं रिकामं पडलेलं घर घेणाऱ्या ग्राहकांना मी सांगतो की खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा आणि ती पुरणार नाही असं धरा.

एवढं सगळं ऐकूनही जायचं असेल तर बेटांमध्ये सिरोसच निवडा. ते सिक्लाडीसचं प्रशासकीय केंद्र आहे. न्यायालय, इस्पितळ, विद्यापीठाचा विभाग, नेओरियोची जहाजगोदी यांमुळे गाव जानेवारीतही चालू असतं. पिरेयसहून साधी बोट चारेक तासांत पोचते, आणि वारा ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर 8 च्या पुढे गेला की पोचतच नाही. घर जुलैत पाहू नका. तेव्हा उत्तरेचा कोरडा वारा भिंती सुकवून टाकतो आणि सगळी घरं निरोगी दिसतात. फेब्रुवारीत, दक्षिणेचा दमट वारा दोन-तीन दिवस वाहिल्यावर जा, आणि तळमजल्याची दारं आदल्या रात्री बंद ठेवायला सांगा. सकाळी दार उघडल्या क्षणी जो वास येईल तो कोणत्याही अहवालापेक्षा जास्त सांगेल.

तूर्त एजंटला एकच ईमेल पाठवा आणि चार गोष्टी मागा: भूमापन नोंदीचा ताजा उतारा, संरक्षित वास्तू जाहीर झाल्याच्या राजपत्राचा क्रमांक, इंजिनिअरचा कायदेशीर बांधकामाचा दाखला, आणि पोटमाळ्यातून काढलेले छपराचे फोटो. पंधरा दिवसांत चारही आले नाहीत तर दुसरं घर बघा. एर्मुपोलीत रिकामी घरं पुष्कळ आहेत.